गाठ सापडल्यानंतरचे साठ दिवस

ऑक्टोबर महिना आला की शहरांतल्या इमारतींवर गुलाबी दिवे लागतात, महाविद्यालयांतून जागृतीफेऱ्या निघतात आणि सवलतीतल्या तपासण्यांच्या जाहिराती झळकू लागतात. स्तनांच्या कर्करोगाबद्दल जागृती करण्याचा हा महिना १९८५ साली अमेरिकेत सुरू झाला, आता तो जगभर पाळला जातो. त्यात वावगे काही नाही. ज्या आजाराचे नाव घेताना कालपरवापर्यंत घरात आवाज खाली यायचा, त्याचे फलक आज भर चौकात लागतात, ही प्रगतीच म्हणायची. पण नोव्हेंबर उजाडला की एक प्रश्न उरतो. त्या महिन्यात ज्या बाईच्या हाताला गाठ लागली, तिचे पुढे काय झाले?

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी कुणाकडेच नसते. शिबिरात किती स्त्रिया तपासल्या, याचा आकडा असतो. त्यांतल्या किती जणींना पुढे पाठवले, याचाही कधी कधी असतो. पण किती जणींची बायोप्सी झाली, किती दिवसांत अहवाल हाती आला, उपचार कुणाचे सुरू झाले आणि कुणाचे पूर्ण झाले, हे रकाने बहुधा कोरेच राहतात. लवकर निदान म्हणजे नुसती गाठ सापडणे नव्हे. गाठ सापडल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतचा सगळा प्रवास त्यात येतो, आणि आपल्याकडे बायका दगावतात त्या बऱ्याचदा या प्रवासात.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार जगात त्या वर्षी स्तनांच्या कर्करोगाचे सुमारे २३ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ६ लाख ७० हजार मृत्यू झाले. भारतात नवे रुग्ण सुमारे १ लाख ९२ हजार आणि मृत्यू सुमारे ९८ हजार. म्हणजे जगात साधारण साडेतीन नव्या रुग्णांमागे एक मृत्यू, तर आपल्याकडे दोन नव्या रुग्णांमागे एक. हा आजार आपल्याकडे काही वेगळा किंवा अधिक क्रूर आहे असे नाही. तो आपल्याकडे उशिरा दवाखान्यात पोहोचतो आणि पोहोचल्यावरही पुष्कळदा अर्धवट उपचारांवर थांबतो.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या कर्करोग नोंदणीतून हेच दिसते. देशातील ११ नोंदणी केंद्रांत २०१२ ते २०१५ या काळात निदान झालेल्या स्त्रियांचा पुढे माग ठेवला गेला. पाच वर्षांनंतर हयात असण्याचे एकूण प्रमाण सुमारे ६६ टक्के निघाले. पण आजार स्तनापुरताच असताना निदान झालेल्या स्त्रियांमध्ये ते ८१ टक्के होते, काखेतल्या गाठींपर्यंत किंवा आसपास पसरल्यावर साधारण ६५ टक्के, आणि हाडे, फुप्फुसे, यकृत अशा दूरच्या अवयवांत पोहोचल्यावर अवघे १८ टक्के. आजार एकच, देश एकच. बाई कुठल्या टप्प्यावर दवाखान्यात आली, यावर एवढा मोठा फरक पडतो.

न दुखणारी गाठ

उशीर का होतो, याचे पहिले कारण अगदी साधे आहे. ही गाठ दुखत नाही. आयुष्यभर अंगमेहनत करणाऱ्या बाईच्या हिशेबात दुखणे म्हणजे आजार आणि न दुखणे म्हणजे बरे असणे. कंबर दुखते, डोके दुखते, पाय भरून येतात, त्यालाच कुणी वेळ देत नाही. तिथे आंघोळ करताना हाताला लागलेल्या, न दुखणाऱ्या, सुपारीएवढ्या गाठीसाठी दिवसाचा रोजगार कोण बुडवणार? ‘दुखत नाही ना, मग राहू दे,’ हे वाक्य घराघरांत ऐकू येते. खरे तर हा हिशेब उलटा मांडायला हवा. स्तन पाळीच्या आधी जड होणे, ठणकणे, दोन्ही बाजूंनी दुखणे हे बहुतेक वेळा संप्रेरकांच्या चढउताराचे असते. एका जागी बसलेली, टणक, न दुखणारी गाठ मात्र तपासलीच पाहिजे.

गाठीखेरीज इतरही खुणा आहेत. त्वचेवर खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी जाड व छिद्राळ दिसणे, स्तनाग्र नव्याने आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, स्तनाग्रावर मलमांनी बरे न होणारे खरुजेसारखे चट्टे, काखेत लागणारी गाठ, एका स्तनाच्या आकारात झालेला बदल. बाळाला अंगावर पाजणाऱ्या बाईच्या स्तनातली गाठ तर हमखास दुधाची समजली जाते. बहुतेकदा ती तशी असतेही. पण पाजूनही, शेकूनही ती विरत नसेल तर तपासण्यापासून सुटका नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. स्तनातल्या बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. तरुण मुलींमध्ये बोटाखालून सटकणारी फायब्रोअॅडिनोमाची गाठ, चाळिशीच्या आसपास पाण्याने भरलेली गाठ, या निरुपद्रवी असतात. मात्र कुठली निरुपद्रवी आणि कुठली नाही, हे नुसत्या हाताने खात्रीने सांगणे अनुभवी सर्जनलाही जमत नाही. म्हणून जगभर तिहेरी तपासणीचा नियम आहे. आधी डॉक्टरांनी हाताने तपासणे, मग वयानुसार सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी किंवा दोन्ही, आणि शंका असेल तर सुईने तुकडा काढून त्याची तपासणी. या तिन्हींचे उत्तर एकमेकांशी जुळले की बाईला निश्चिंत घरी पाठवता येते किंवा उपचार सुरू करता येतात. पाळी सुरू असलेल्या स्त्रीने एक पाळी जाऊ द्यावी आणि तरी गाठ राहिली तर दाखवावे. पाळी थांबलेल्या स्त्रीने तेवढीही वाट पाहू नये.

दुसरा गैरसमज घराण्याचा. ‘आमच्यात कुणाला नाही’ या भरवशावर अनेक जणी गाफील राहतात. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ सारख्या जनुकांतील दोष आईकडून किंवा वडिलांकडून येऊ शकतात. ज्या घरात आई, मावशी, आत्या किंवा बहिणीला कमी वयात हा आजार झाला, तिथे अधिक दक्षता हवी, हे खरेच. पण अशा आनुवंशिक दोषांमुळे होणारे कर्करोग एकूण रुग्णांपैकी पाच ते दहा टक्केच असतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, साधारण निम्म्या रुग्ण स्त्रियांमध्ये स्त्री असणे आणि वय चाळीसच्या पुढे असणे यापलीकडे कुठलाही ठळक धोका नसतो. सगळ्या रुग्णांमध्ये अर्धा ते एक टक्का पुरुषही असतात, आणि त्यांच्या बाबतीत तर उशीर ठरलेलाच.

मुंबईतल्या वस्त्यांनी दिलेले उत्तर

लवकर सापडले की जीव वाचतो, हे ऐकायला स्वयंसिद्ध वाटते. वैद्यकशास्त्र मात्र त्यावर सहज विश्वास ठेवत नाही, आणि त्याला कारण आहे. समजा, एका बाईचा आजार २०१५ साली सापडला आणि ती २०२० साली गेली. तोच आजार २०१२ साली सापडला असता आणि तरीही ती २०२० सालीच गेली असती, तर कागदावर ती पाचऐवजी आठ वर्षे जगली असे दिसले असते. तिच्या वाट्याला मात्र आयुष्याचा एकही दिवस जास्त आला नसता, फक्त आजाराची जाणीव तीन वर्षे आधी आली असती. म्हणूनच निदानानंतर रुग्ण किती वर्षे जगले, एवढ्यावर तपासणीचा खरा लाभ ठरत नाही. त्यासाठी एका गटाची तपासणी करून, दुसऱ्याची न करता, दोन्हींतले मृत्यू वर्षानुवर्षे मोजावे लागतात.

असा प्रयोग मुंबईतच झाला, ही महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली शहरातल्या झोपडपट्ट्यांचे वीस विभाग निवडले. त्यांत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया होत्या. दहा विभागांतल्या स्त्रियांना दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, प्रशिक्षित महिला आरोग्य कार्यकर्त्यांनी हाताने तपासले आणि आजाराची माहिती दिली. या कार्यकर्त्या डॉक्टर नव्हत्या, आणि त्यांच्याकडे कुठलेही यंत्र नव्हते. उरलेल्या दहा विभागांत एकदा माहिती देण्यात आली आणि पुढे फक्त नियमित पाहणी केली गेली. डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या नेतृत्वाखालील या अभ्यासाचे वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले.

तपासणी झालेल्या विभागांत आजार वाढलेल्या तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर सापडणाऱ्या स्त्रिया ३७ टक्के होत्या, दुसरीकडे ४७ टक्के. पन्नास आणि त्यापुढच्या वयात या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. सर्व वयोगट एकत्र धरले तर घट सुमारे १५ टक्के दिसली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्विवाद ठरली नाही, आणि पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मृत्युदरावर ठळक परिणाम दिसला नाही. ही मर्यादा लपवण्याचे कारण नाही. उलट तिच्यामुळेच उरलेला निष्कर्ष विश्वासार्ह ठरतो. पन्नाशीपुढच्या बाईला प्रशिक्षित हाताने दोन वर्षांतून एकदा तपासले, तर जीव वाचतात. त्याला वीज लागत नाही, आयात केलेले यंत्र लागत नाही, रेडिओलॉजिस्ट लागत नाही.

या अभ्यासाचा दुसरा धडा मात्र क्वचितच सांगितला जातो. ज्यांच्यात काही संशयास्पद आढळले, त्या स्त्रियांना टाटा रुग्णालयात निदान आणि उपचार उपलब्ध होते. तपासणाऱ्या हाताच्या मागे एक अख्खे रुग्णालय उभे होते. ते नसते, तर हाताने शोधलेल्या गाठींचे काय झाले असते, हे सांगायला वेगळ्या प्रयोगाची गरज नाही. आपल्या तालुक्यांत ते रोजच घडते आहे.

यंत्राचे आणि हाताचे स्थान

मग मॅमोग्राफी निरुपयोगी का? अजिबात नाही. हाताला लागण्यापूर्वीची गाठ ती दाखवू शकते. चांगल्या व्यवस्था असलेल्या देशांसाठी जागतिक आरोग्य संघटना ५० ते ६९ वयात दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी सुचवते. अमेरिकेतील तज्ज्ञगटाने २०२४ साली ही सुरुवात चाळिशीपासून करावी असे सांगितले. ज्यांना ती परवडते आणि जिथे चांगला रेडिओलॉजिस्ट आहे, तिथे डॉक्टरांशी बोलून जरूर करावी. पण तिच्या मर्यादाही माहीत असाव्यात. कमी वयात स्तनांतील ऊती दाट असतात. दाट ऊतीही क्ष-किरणांत पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच दिसते, त्यामुळे ती निसटू शकते. भारतात रुग्णांचे सरासरी वय पाश्चात्त्य देशांपेक्षा सुमारे दहा वर्षांनी कमी दिसते. आपली लोकसंख्याच तरुण आहे, हे त्याचे मोठे कारण. पण कारण काहीही असो, चाळिशी-पन्नाशीतल्या रुग्णांची संख्या मोठी आहे, आणि गाठ हाताला लागत असताना मॅमोग्राफीचा अहवाल ‘नॉर्मल’ आला म्हणून गप्प बसणे धोक्याचे आहे.

स्वतःच्या हाताने स्वतःची तपासणी करण्याबाबतही थोडे स्पष्ट बोलायला हवे. चीनमधल्या शांघायमध्ये कापड गिरण्यांतल्या २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांवर मोठा प्रयोग झाला. निम्म्या स्त्रियांना दर महिन्याला स्वतःची तपासणी कशी करायची, हे काटेकोरपणे शिकवले. दहा-अकरा वर्षांनंतर दोन्ही गटांतले मृत्यू जवळजवळ सारखेच निघाले, शिकवलेल्या गटात निरुपद्रवी गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. २००२ साली हे निष्कर्ष आल्यापासून महिन्याच्या ठरावीक तारखेला करायच्या विधीवर भर कमी झाला आणि ‘स्वतःच्या स्तनांची ओळख असणे’ यावर आला. आपले नेहमीचे रूप कसे आहे हे माहीत असले की बदल चटकन लक्षात येतो. तपासणी चुकली म्हणून अपराधी वाटून घेऊ नये आणि बदल दिसला तर थांबू नये, एवढेच त्याचे सार.

रस्ता कुठे तुटतो

कागदावर आपल्याकडे व्यवस्था आहे. केंद्र सरकारने २०१६ साली तीस वर्षांवरील सर्वांच्या तपासणीचा आराखडा आखला. त्यात मधुमेह, रक्तदाब यांच्यासोबत तोंडाच्या, गर्भाशयमुखाच्या आणि स्तनांच्या कर्करोगाची तपासणी आली. आशा सेविकेने घरोघर जाऊन धोक्याची पत्रके भरायची, आरोग्य सेविकेने किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने दर पाच वर्षांनी स्तन तपासायचे आणि संशय आला तर पुढे पाठवायचे. प्रत्यक्षात २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयोगटातल्या शंभरातल्या एकाही स्त्रीची स्तन तपासणी झालेली आढळली नाही. नेमका आकडा ०.९ टक्के आहे.

पण ही तपासणी झाली असे धरून पुढे जाऊ. उपकेंद्रात गाठ लागली आणि चिठ्ठी मिळाली. ग्रामीण रुग्णालयात सर्जन आठवड्यातून ठरावीक दिवशीच येत असेल, तर पहिली फेरी फुकट. सोनोग्राफीसाठी दुसऱ्या गावी, बायोप्सीसाठी जिल्ह्याला, अहवालासाठी पुन्हा जिल्ह्याला. तुकड्यावरच्या संप्रेरक ग्राहकांच्या आणि हर-टू प्रथिनाच्या चाचण्या केल्याशिवाय नेमके औषध ठरत नाही, आणि त्या प्रत्येक जिल्ह्यात होत नाहीत, म्हणजे आणखी एक शहर. प्रत्येक फेरीला दोन माणसांचे भाडे आणि दोन माणसांचा बुडालेला रोजगार. मध्ये सोयाबीनची काढणी येते, ऊसतोडीची टोळी निघते, लेकीचे बाळंतपण येते, आणि ‘दिवाळी झाल्यावर बघू’ असे ठरते. शासनाच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिओथेरपी यांचा समावेश आहे आणि तिने असंख्य कुटुंबांना कर्जातून वाचवले आहे. पण योजनेच्या दारात पोहोचायलाही आधी निदानाचा कागद लागतो. तो कागद मिळेपर्यंतचा खर्च आणि पायपीट बाईच्याच पदरी असते.

दोष सगळा बाईच्या अज्ञानावर ढकलण्याची सवय आरोग्य व्यवस्थेला आहे. ती सोडायला हवी. अनेक जणी वेळेत डॉक्टरकडे जातात आणि उशीर तिथे सुरू होतो. गाठीवर अँटिबायोटिक्सचे एकामागून एक कोर्स दिले जातात. संकोचापोटी, खोलीत परिचारिका नाही म्हणून किंवा गर्दी आहे म्हणून स्तन न तपासताच ‘काही नाही’ असे सांगितले जाते. सर्वांत गंभीर चूक म्हणजे आधी बायोप्सी न करता गाठ काढून टाकणे आणि ती पॅथॉलॉजिस्टकडे तपासायलाच न पाठवणे. काही महिन्यांनी त्याच जागी पुन्हा गाठ येते, तेव्हा मूळ आजार काय होता, हे सांगणारा पुरावा उरलेला नसतो. शरीरातून काढलेली प्रत्येक गाठ तपासणीला गेलीच पाहिजे, आणि अहवाल रुग्णाच्या हाती असलाच पाहिजे. हा नियम पाळायला पैसे कमी आणि शिस्त जास्त लागते.

या विलंबाची किंमत मोजली गेली आहे. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका व्यापक आढाव्यानुसार लक्षण दिसल्यापासून उपचाराला तीन महिने किंवा अधिक लागलेल्या स्त्रियांचे पाच वर्षांचे जगण्याचे प्रमाण इतरांपेक्षा १२ टक्क्यांनी कमी होते. २०२० सालच्या दुसऱ्या आढाव्यात शस्त्रक्रियेला होणाऱ्या दर चार आठवड्यांच्या विलंबामागे मृत्यूचा धोका साधारण सहा ते आठ टक्क्यांनी वाढलेला दिसला.

हा रस्ता दुरुस्त करता येतो, याचाही पुरावा आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. रुग्णांची नोंद करायला गावोगाव फिरणारे कार्यकर्ते लोकांशी आजाराच्या लक्षणांबद्दल बोलत, संशयित स्त्रियांना रुग्णालयात यायला सांगत. काही वर्षांतच त्या भागात गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या टप्प्यांवर सापडू लागला, तोही कुठल्या मोठ्या यंत्रणेशिवाय. मलेशियातील सारवाक प्रांतात आरोग्य केंद्रांतल्या परिचारिकांना प्रशिक्षण देऊन गावांत माहिती पोहोचवली, तेव्हा तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर येणाऱ्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांचे प्रमाण १९९३ मधल्या ६० टक्क्यांवरून १९९८ पर्यंत ३५ टक्क्यांवर आले. दोन्ही ठिकाणी माहिती देणारा माणूस आणि उपचार देणारे रुग्णालय एकमेकांशी जोडलेले होते.

भीतीचे खरे कारण

बाई उशीर करते त्यामागे केवळ अज्ञान नसते, भीती असते, आणि ती अगदीच अनाठायी नसते. स्तन काढून टाकतील, केस जातील, नवरा काय म्हणेल, मुलीच्या लग्नात प्रश्न विचारले जातील, घर कर्जात बुडेल. ‘सुई टोचली की कॅन्सर पसरतो’ ही अफवा तर शिकलेल्या घरांतही आहे. सुईची बायोप्सी करून घेतल्याने रुग्णाचे आयुष्य कमी होत नाही. बायोप्सीशिवाय केलेला उपचार मात्र अंधारातला असतो.

स्तन गमावण्याच्या भीतीचे उत्तर लवकर निदानातच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. विल्यम हॅल्स्टेड यांनी स्तनासोबत छातीचे स्नायूही काढून टाकणारी शस्त्रक्रिया रूढ केली आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षे तीच चालली. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उम्बर्टो व्हेरोनेसी यांच्या अभ्यासांनी ती मोडीत काढली. फक्त गाठ काढून नंतर रेडिओथेरपी दिली, तरी जगण्याचे प्रमाण पूर्ण स्तन काढल्याइतकेच राहते, हे त्यांच्या रुग्णांच्या वीस वर्षांच्या पाठपुराव्यातून २००२ साली पक्के झाले. म्हणजे गाठ लहान असताना आलेल्या बाईला स्तन वाचवण्याचा पर्याय असतो. घाबरून घरी बसलेल्या बाईचा तोच पर्याय महिन्यागणिक हातातून निसटत जातो. केमोथेरपीची गरज, उपचाराचा कालावधी, खर्च, हे सारेच लहान गाठीत पुष्कळदा कमी असते. जागृतीच्या फलकांवर मृत्यूचे आकडे कमी आणि ही माहिती जास्त असायला हवी.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेत १९७५ ते २०१९ या काळात स्तनकर्करोगाचा मृत्युदर सुमारे ५८ टक्क्यांनी घटला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार त्यातला साधारण पाव वाटा मॅमोग्राफीच्या तपासणीचा आणि उरलेला उपचारांतल्या सुधारणांचा होता. शोधणे आणि बरे करणे ही एकाच गाडीची दोन चाके आहेत. एकच चाक फिरवले तर गाडी जागच्या जागी गोल फिरते.

मोजायचे काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली स्तनकर्करोगासाठी तीन साधी उद्दिष्टे ठेवली. किमान ६० टक्के रुग्णांचे निदान पहिल्या-दुसऱ्या टप्प्यावर व्हावे. रुग्ण प्रथम आरोग्यसेवेकडे आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे. आणि किमान ८० टक्के रुग्णांनी ठरलेले उपचार पूर्ण करावेत. या तिन्हींत ‘किती स्त्रिया तपासल्या’ हा आकडा कुठेच नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आपल्या जिल्ह्यांनी हेच मोजायला सुरुवात करावी. त्यासाठी काही गोष्टी लगेच करता येतील. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस स्तनांच्या तक्रारींसाठी ठरवावा आणि तपासणी, सोनोग्राफी व बायोप्सी त्याच दिवशी, त्याच इमारतीत व्हावी. बायोप्सीच्या अहवालाला मुदत असावी आणि संप्रेरक ग्राहकांच्या चाचणीसाठी नमुना प्रवास करावा, बाईने नव्हे. गाठ सापडलेल्या प्रत्येक स्त्रीचे नाव एका नोंदवहीत असावे आणि ती ठरल्या दिवशी आली नाही तर तिला फोन करण्याची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीवर असावी. आशा सेविकेला मोबदला पत्रक भरण्याचा मिळतो तसा बाईसोबत रुग्णालयात जाण्याचा आणि उपचार पूर्ण करून घेण्याचाही मिळावा. आणि ज्या संस्थेला तपासणी शिबिर घ्यायचे असेल, तिने संशयित स्त्रिया कुठल्या रुग्णालयात, कुठल्या तारखेला जाणार हे आधी लिहून द्यावे. ते सांगता येत नसेल तर शिबिर न घेतलेले बरे. गाठ आहे एवढेच सांगून बाईला घरी पाठवणे म्हणजे तिच्या हाती नुसती भीती देणे आहे.

मनुष्यबळ कमी आहे, पॅथॉलॉजिस्ट मिळत नाहीत, जागा रिक्त आहेत, हे आक्षेप खरे आहेत. पण तपासणीच्या फिरत्या गाड्यांना आणि उद्घाटनाच्या मांडवांना पैसा मिळतो, तेव्हा त्यातला काही भाग अहवाल वेळेत देणाऱ्या प्रयोगशाळेकडे आणि फोन करणाऱ्या माणसाकडे वळवणे अशक्य नाही. त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येत नाही, एवढीच त्यातली अडचण आहे.

घरांच्या पातळीवरही एक काम आहे. पन्नाशी ओलांडलेली आई, सासू, आत्या, घरकामाला येणाऱ्या मावशी या स्वतःहून कधी बोलत नाहीत. त्यांना कुणीतरी विचारायला हवे, आणि गाठ आहे असे उत्तर आले तर ‘काळजी करू नका’ म्हणण्याआधी सोबत निघायला हवे. नवऱ्याने, मुलाने हा बायकांचा विषय म्हणून बाजूला होऊ नये. रुग्णालयाच्या रांगेत कागद धरून उभे राहायला, रोजगार बुडवून गाडीत शेजारी बसायला आणि चौथ्या केमोनंतर ‘आता पुरे’ म्हणणाऱ्या बाईला पाचवीसाठी घेऊन जायला घरातले माणूसच लागते.

ऑक्टोबर पुढच्या वर्षीही येईल आणि दिवे पुन्हा लागतील. तेव्हा किती स्त्रिया तपासल्या हे विचारून थांबू नये. मागच्या ऑक्टोबरात ज्यांना गाठ सापडली, त्यांतल्या किती जणींना साठ दिवसांत उत्तर मिळाले, हे आरोग्य अधिकाऱ्यांना, लोकप्रतिनिधींना आणि शिबिर घेणाऱ्या संस्थांना विचारावे. ज्या जिल्ह्याला हा आकडा सांगता येईल, त्या जिल्ह्यात लवकर निदानाची खरी सुरुवात झाली असे समजायला हरकत नाही.